आमची वाटचाल : आधी छत, मग पंखा, मग हीट पंप

घरं गार ठेवणं आणि कमी इंधनात पाणी तापवणं हे आमच्या फर्मचं काम. सुरुवात छताच्या कामांनी झाली. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, पण वरच्या मजल्यावर राहणारा माणूस गाऱ्हाणं सांगतो ते रात्रीचं. सहा इंची स्लॅब दुपारी पोटात घेतलेली उष्णता चार-पाच तासांनी खाली सोडू लागतो. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला तळहात लावला तर चुलीमागच्या भिंतीसारखा ऊबदार लागतो. अशा खोलीतल्या एसीचा बराचसा दम स्लॅब गार करण्यातच जातो. म्हणून एसीची चौकशी करायला आलेल्या गिऱ्हाइकालाही आम्ही आधी गच्चीवर नेतो.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत हा त्रास नव्हता. लाकडी तुळया-फळ्यांवर हातभर मातीचा थर असायचा. माळवद गळायचं, दरवर्षी माती टाकावी लागायची, म्हणून लोकांनी ते पाडून स्लॅब टाकला. गळती थांबली आणि उन्हाळा घरात आला.

पहिली कामं पांढऱ्या रंगाची होती. चांगला रिफ्लेक्टिव्ह रंग ताजा असताना ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, पण इथल्या धुळीत वर्षभरात तो आकडा ६०च्या घरात येतो. फेब्रुवारीत एकदा गच्ची धुतली तर पुन्हा बराच वर चढतो. ओल असलेल्या स्लॅबवर रंग मारला की उन्हात वाफ धरून फोड येतात, म्हणून पावसाळ्यानंतर किमान दोन महिने गच्ची वाळू द्यायची. चुना आणि डिंकाची सफेदी स्वस्त पडते आणि एक उन्हाळा काढते. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला आम्ही तीच सांगतो.

पक्का उपाय इन्सुलेशनचा. उघड्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे आत येणारी उष्णता, साधारण ३.५ वॅट असते. २०१८ च्या ईको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या केंद्राच्या नियमावलीत, छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. स्लॅबवर २५ मिमी एक्सपीएस (दाट, कडक फोमचा) बोर्ड टाकला तरी ती गाठता येते. आम्ही ५० मिमीचा आग्रह धरतो, कारण वरचा कोबा, जाळी आणि मजुरी तेवढीच लागते, आणि यू-व्हॅल्यू ०.५ च्या आसपास येतो. बोर्डाची घनता घनमीटरला ३२ किलोच्या वर हवी. पॅकिंगचा थर्माकोल वापरला तर तो कोब्याखाली दबतो, पाणी पितो आणि दोन पावसाळ्यांत निकामी होतो.

क्रम चुकला की काम वाया जातं. आधी वॉटरप्रूफिंग, मग गच्चीवर ४८ तास पाणी तुंबवून चाचणी, मग बोर्ड, सांध्यांना टेप, वर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड), त्यावर जाळीसह ५० मिमी कोबा, पावसाळी पाइपाकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार, आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक. गच्चीच्या कठड्याला लागून कोब्यात फट ठेवून ती सीलंटने भरावी लागते. ती विसरली की कोबा उन्हात फुगून कठडा ढकलतो, चीर पडते आणि पाणी बोर्डाखाली शिरतं. खालून सीलिंगला बोर्ड लावणं सोपं असतं, पण त्यात स्लॅब स्वतः तापत-थंडावत राहतो आणि चिरा वाढतात. वरून जागाच नसेल तरच आम्ही ते करतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये फॉइलचा बबल शीट पत्र्याला चिकटवून लावलेला दिसतो. त्या चकाकीचा उपयोग होण्यासाठी समोर किमान इंचभर हवेची पोकळी लागते. चिकटवला की तो नुसता पातळ प्लॅस्टिकचा थर उरतो.

पंख्यांचं काम सोपं आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, ३० वॅटचा. रोज १८ तास, वर्षात २७० दिवस चालला तर एका पंख्यामागे सव्वादोनशेच्या आसपास युनिटं वाचतात. जुना रेग्युलेटर मात्र सर्किटमधून काढायचा, नाहीतर पंख्यातलं कार्ड जळतं. अर्थिंग नसलेल्या घरात आधी अर्थिंग करायचं.

गरम पाण्याच्या कामात आमची खरी परीक्षा झाली. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या वाटेवरच्या लॉजमध्ये पहाटे चार ते सातमध्ये सगळ्यांना एकदम आंघोळ हवी असते. कुठे डिझेल बॉयलर असतो, कुठे गॅस, कुठे खोलीखोलीत गीझर. मालकाला वाटतं, डिझेल काढून गीझर बसवले की प्रदूषण गेलं. हिशेब उलटा निघतो. १००० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला ३५ युनिट उष्णता लागते. डिझेलवर यातून सुमारे १२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, गॅसवर १० किलो. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरला तर गीझरवर २५ किलो. शहराबाहेर फताटेवाडीला ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, ते कोळशावरच चालतात. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, म्हणून त्याच पाण्याला १०-१२ युनिटांत भागवतो आणि आकडा ७-८ किलोवर येतो. विजेवर जायचं तर असं जायचं.

३० खोल्यांच्या लॉजचं गणित असं. ६० माणसं, माणशी ३० लिटर, म्हणून २००० लिटरची टाकी. थंडीत २० अंशांवरून ५५ वर न्यायला ८१ युनिट उष्णता, नऊ तासांत ९ किलोवॅट, आणि हीट पंप वीज खातो ३ किलोवॅट. खोलीमागे एक असे २ किलोवॅटचे ३० गीझर म्हणजे ६० किलोवॅटचा भार. पंप सकाळी दहा ते संध्याकाळी सात चालवायचा, तेव्हा हवाही ऊबदार असते आणि छतावरचं सोलरही चालू असतं. ५० मिमी पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) आवरण असलेली टाकी पहाटेपर्यंत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतरत नाही.

इथे चुकाही ठरलेल्या असतात. बंद जिन्याखाली बसवलेला पंप स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढतो. तो मोकळ्या गच्चीवर, भिंतीपासून किमान अर्धा मीटर लांब हवा. टाकीतल्या राखीव कॉइलचा (विजेच्या हीटरचा) थर्मोस्टॅट ६० वर आणि पंपाचा ५५ वर ठेवला, तर सगळं पाणी कॉइलच तापवते आणि पंप सुरूच होत नाही. कॉइल ४५ वर आणि टाइमरवर ठेवायची. आठवड्यातून एकदाच, जंतू मारण्यासाठी, तिच्याकडून पाणी ६० वर न्यायचं. नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून ते पाइपात फिरवणाऱ्या रिटर्न लाइनचा पंप २४ तास फिरत ठेवला तर उघडा पाइप मीटरमागे २५-३० वॅट सोडतो. ६० मीटर पाइपात दिवसाला ४० युनिट उष्णता जाते, म्हणजे टाकीच्या निम्मी. १९ मिमी नायट्रिल रबराचा फोम घातल्यावर मीटरमागे ७-८ वॅट उरतात. उन्हात ते फोम तडकतं म्हणून वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि रिटर्न लाइनच्या पंपाला पहाटे साडेतीन ते साडेसातचा टाइमर.

सर्वांत मोठा शत्रू बोअरचं पाणी. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी त्याच्या बरंच वर गेलं की हीट पंपातल्या, पाण्याला उष्णता देणाऱ्या प्लेट एक्स्चेंजरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत क्षार धरतो. पंप हाय प्रेशर दाखवून बंद पडतो आणि लोक कॉम्प्रेसर बदलायला निघतात. तोटी सोडवली की आत खरवडलेल्या खडूसारखा पांढरा थर दिसतो. पाच टक्के सायट्रिक ॲसिड तासभर फिरवलं की तो फसफसून सुटतो. आता आम्ही आधी पाणी तपासतो आणि फक्त गरम लाइनीला सॉफ्टनर (मिठावर चालणारं, कठीणता काढणारं यंत्र) लावतो. मिठाची पोती कोण भरणार, हे करारातच लिहून घेतो.

शेवटचं काम अजून नीट रुजलेलं नाही. जुना एसी काढताना गॅस हवेत सोडून देतात. नव्या एसीतल्या आर-३२ गॅसचा एक किलो हवेत गेला तर ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे ग्रिडच्या साडेनऊशे युनिट विजेएवढा. जुन्या आर-२२ चा याच्या अडीचपटीहून जास्त. आमची कामावरची मुलं आता यंत्र खोलण्याआधी गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढतात, काट्यावर वजन करतात आणि तो आकडा बिलावर लिहितात.