विशेष शिक्षक ते मुख्याध्यापकांचे प्रशिक्षक: अमेरिकेतली एक वाट

स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे अपंग मुलांना शिकवण्याच्या वर्गापासून सुरुवात करून पुढे मुख्याध्यापक घडवण्याच्या कामात शिरलेली माणसं अमेरिकेत बरीच आहेत. लांबून पाहताना ही उडी मोठी वाटते. पण इथल्या नव्या मुख्याध्यापकाची जिथे हमखास दमछाक होते, ते काम विशेष शिक्षकाच्या रोजच्या सवयीचं असतं.

सगळ्याच्या मुळाशी अपंग मुलांच्या शिक्षणाचा 1975 चा केंद्रीय कायदा आहे. 1990 पासून तो 'आयडीईए' या नावाने ओळखला जातो. अपंगत्वाचे 13 गट, वयोमर्यादा 3 ते 21, आणि प्रत्येक पात्र मुलासाठी 'आयईपी' म्हणजे त्याची स्वतःची लेखी शैक्षणिक योजना. पालकांनी संमती दिली की 60 दिवसांत पहिलं मूल्यमापन व्हायला हवं (राज्याची वेगळी मुदत असेल तर ती लागू), मूल पात्र ठरलं की 30 दिवसांत आयईपीची बैठक. मग दरवर्षी आढावा आणि साधारण तीन वर्षांनी फेरमूल्यमापन. मोजके अपवाद सोडले, तर तारीख चुकली की तो कायद्याचा भंग.

योजनेतलं उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे. 'वाचन सुधारेल' असं लिहून भागत नाही. 'दुसरीच्या पातळीवरचा अनोळखी उतारा आज मिनिटाला 42 शब्द अचूक वाचतो, वर्षअखेर 80 वाचेल, दर दोन आठवड्यांनी मोजणार' असं लिहावं लागतं. आज मूल कुठे आहे हा आकडाच नसेल, तर वर्षअखेर प्रगती झाली की नाही यावर नुसता वाद होतो. ही शिस्त अंगात मुरलेला माणूस पुढे शिक्षकांच्या वर्गनिरीक्षणाचे शेरेही 'छान शिकवता' एवढ्यावर संपवत नाही.

आयईपीच्या बैठकीत पालक, नेहमीच्या वर्गाचे शिक्षक, विशेष शिक्षक आणि चाचण्यांचा अर्थ समजावणारी व्यक्ती असते. शिवाय डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी लागतो, आणि ही खुर्ची बहुधा मुख्याध्यापक किंवा उपमुख्याध्यापकाकडे येते. शाळेकडे कोणती साधनं आहेत हे त्याला माहीत असावं लागतं. 'बजेट बघून कळवतो' हे उत्तर इथे चालत नाही. दुसरी चूक याहून महाग पडते: सगळं आधीच ठरवून, छापलेली योजना पालकांपुढे फक्त सहीसाठी सरकवायची. पालकांना निर्णयात खरा सहभाग मिळाला नाही म्हणून शाळा असे खटले हरल्या आहेत. मसुदा जरूर न्यावा, पण तो मसुदा आहे हे सांगून, आणि बैठकीत खोडायची तयारी ठेवून.

खरी मेख वेळापत्रकात असते. समजा, एकाच विशेष शिक्षिकेला तिसरी आणि चौथी या दोन्ही वर्गांत वाचनाच्या तासाला सहअध्यापन करायचं आहे, म्हणजे वर्गशिक्षकासोबत मिळून शिकवायचं आहे. मुख्याध्यापकाने आधी जिम, संगीत आणि जेवणाची सुट्टी बसवली आणि दोन्ही वाचनाचे तास सकाळी नऊला आले, की एका वर्गाला ती मिळणारच नाही. आयईपीत आठवड्याला 150 मिनिटं लिहिलेली, हातात पडतात 75. ही तूट पुढे भरपाईचे तास देऊन फेडायची वेळ येते. म्हणून प्रशिक्षणात उलटा क्रम शिकवतात: आधी आयईपीची मिनिटं कागदावर मांडा, सहअध्यापनाचे तास बसवा, बाकीचं त्याभोवती.

शिस्तीचं प्रकरण आणखी नाजूक. वर्तनामुळे मुलाला सलग 10 पेक्षा जास्त शालेय दिवस वर्गाबाहेर काढायचं ठरवलं, तर तो निर्णय झाल्यापासून 10 शालेय दिवसांत बैठक घेऊन दोन प्रश्न तपासावे लागतात. वर्तनाचा अपंगत्वाशी थेट आणि ठोस संबंध आहे का? शाळेनेच आयईपी पाळली नाही म्हणून ते घडलं का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर इजा असे अपवाद सोडून मूल आपल्या वर्गात परततं, आणि वर्तनाची योजना करावी किंवा सुधारावी लागते. गोची होते ती फोनमुळे. 'आज जरा लवकर घेऊन जाल का?' असं पालकांना वरचेवर सांगणं म्हणजेही मुलाला बाहेर काढणंच, फक्त त्याची नोंद कुठे नसते. चांगला प्रशिक्षक हजेरी पाहतानाच लवकर घरी गेलेल्यांची यादी मागतो.

मुख्याध्यापकाच्या परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये मास्टर्स, दोन वर्षांचं अध्यापन आणि परीक्षा लागते. कॅलिफोर्नियात पाच वर्षांचा अनुभव, आधी सुरुवातीचा परवाना आणि नंतर मार्गदर्शकाच्या हाताखाली इंडक्शन, म्हणजे कामावर असतानाचं प्रशिक्षण. विशेष शिक्षक म्हणून केलेली वर्षं यात धरली जातात. पुढे प्रशिक्षक व्हायचं तर डिस्ट्रिक्टमध्ये मुख्याध्यापकांचा कोच किंवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात अध्यापक, असे दोन रस्ते. विद्यापीठात बहुधा डॉक्टरेट मागतात, आणि शाळा चालवत असतानाच करता येते म्हणून अनेक जण एडडी ही शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट करतात.

आपल्याकडून येणाऱ्यांनी पदवीचं मूल्यांकन करून घेण्याआधी राज्य नक्की करावं, कारण कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल हे राज्यच ठरवतं. जे-1 शिक्षक व्हिसावर साधारण तीन वर्षं आणि मुदतवाढ मिळाली तर आणखी दोन एवढाच मुक्काम असतो. मुख्याध्यापकाच्या वाटेला तेवढा वेळ सहसा पुरत नाही.