कंप्रेसरवाल्याला विचारून बघा: सात बारला हवा किती?

सुतारकामाला, त्यातही फिनिशिंगला, छोटा कंप्रेसर घ्यायचा होता. स्कर्टिंग, दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी, कपाटांच्या कडा, भिंतीवरचं मोल्डिंग, एवढाच माझा पसारा. हातोडी-पंचने पातळ पट्टी ठोकताना दर दहा पट्ट्यांमागे एक तरी चिरते, म्हणून कंप्रेसरच्या दाबलेल्या हवेवर खिळे मारणाऱ्या नेल गनकडे वळलो. गन निवडून झटक्यात झाली: १८ गेजची ब्रॅड नेलर, म्हणजे बारीक खिळ्यांची गन (गेजचा आकडा मोठा तितका खिळा बारीक). जाड चौकटींना १५ किंवा १६ गेज लागते आणि अगदी नाजूक बिडिंगला २३ गेजची पिन. पण एकच घ्यायची तर १८.

कंप्रेसरचं मात्र जे घोडं अडलं ते एका साध्या प्रश्नावर. हा हवा किती देतो?

लेबलवर लिहिलं होतं, १२० लिटर प्रति मिनिट. शेजारच्या यंत्रावर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असा आकडा, तिसऱ्यावर नुसतंच ‘१ एचपी’. सीएफएमचं एक वेळ समजतं, २८.३ने गुणलं की लिटर होतात. पण कुठल्या प्रेशरला, ते कुठेच नाही. एकच कंप्रेसर ४० पीएसआयला (दाबाचं एकक, एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) देतो त्यापेक्षा ९० पीएसआयला बरीच कमी हवा देतो, आणि नेलर चालते ७० ते १००च्या दरम्यान. म्हणजे मला हवा होता तो ९० पीएसआयचा, सहा-सात बारचा आकडा.

विक्रेत्याला विचारलं, सात बारला किती? तो म्हणाला, “साहेब, आठ बारपर्यंत जातो.” मी म्हटलं, जाईल हो, पण सातला हवा किती? “मोटर कॉपर वाइंडिंगची आहे.” नंतर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. तिथल्या बाईंनी मला लेबल वाचून दाखवलं, जे माझ्या समोरच होतं. मेलवर विचारा म्हणाल्या. मेलचा फॉर्म उघडला तर त्यात प्रकार निवडायचा: माल तुटका आला, माल उशिरा आला, माल आलाच नाही. प्रश्न विचारणाऱ्यासाठी रकानाच नाही. ‘तुटका’ निवडून खाली प्रश्न लिहिला. उत्तर आलं की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कोणाचं समाधान झालं, देव जाणे. पुन्हा फोन केला तेव्हा पुढच्या माणसाने मला ५० लिटर टाकीचा, २ एचपीचा घ्यायला सांगितलं, “म्हणजे टेन्शनच नको.” ते धूड जिन्यावरून तो चढवणार होता का?

हा १२०चा आकडा येतो कुठून, ते मग स्वतःच समजून घेतलं. पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक गुणिले मिनिटाचे फेरे. पिस्टन कागदावर जेवढी जागा झाडून काढतो, ती सगळी हवा टाकीत गेली असं समजायचं. प्रत्यक्षात पिस्टन वर पोचला तरी सिलिंडरच्या माथ्याशी थोडी फट उरते. तिथे अडकलेली दाबाची हवा पिस्टन खाली येताना पुन्हा फुगते आणि तितकी नवी हवा आत येऊ देत नाही. टाकीतला दाब वाढेल तसा हा तोटाही वाढतो. रिंगमधून गळती असते, शिवाय तापलेल्या सिलिंडरमध्ये हवा विरळ होऊनच शिरते. छोट्या कंप्रेसरमध्ये कामाच्या दाबाला कागदावरच्या आकड्याच्या निम्मी, फार तर दोन तृतीयांश हवा हाती लागते. जे प्रामाणिकपणे छापतात ते ‘एफएडी’ (फ्री एअर डिलिव्हरी, प्रत्यक्ष हाती लागणारी हवा) म्हणून वेगळा आकडा देतात आणि दाबही लिहितात. तसं लेबल दिसलं तर पुढचा उपद्व्याप करायची गरज नाही.

मला दिसलं नाही, म्हणून मी उपद्व्याप केला. विक्रेत्याला म्हटलं, यंत्र चालू करून दाखवा. खोका फोडायला तो तयार नव्हता, पण शोसाठी ठेवलेला एक होता, त्यावर भागलं. ९ लिटरची टाकी, ऑइल-फ्री (आत तेल घालावं न लागणारा), कमी आवाजाचा. बाहेर जाणारा कॉक बंद ठेवला, टाकीच्या गेजवर काटा ६ बारला आला की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू, ८ बारला बंद. वीस सेकंद. दोन बार वाढले म्हणजे टाकीच्या दुप्पट मोकळी, म्हणजे बाहेरच्या दाबाची हवा आत गेली: ९ गुणिले २, म्हणजे १८ लिटर. वीस सेकंदांत १८, तर मिनिटाला ५४. लेबलवर १२०, टाकीत ५४! टाकीतली हवा गरम असल्यामुळे दाब जरा फुगवून दिसतो, म्हणजे खरा आकडा ५४हूनही थोडा कमीच. विक्रेता म्हणाला, “रिकामी टाकी बघा ना किती पटकन भरते.” हीच तर मेख आहे. रिकाम्या टाकीत पहिले दोन-तीन बार भराभर चढतात. वेळ मोजायची ती वरच्या टोकाला, जिथे आपलं काम चालतं.

आणि गंमत म्हणजे मला ५४ भरपूर होते. ब्रॅडच्या एका खिळ्याला सढळ हाताने एक लिटर हवा धरली आणि मिनिटाला दहा खिळे मारले तरी दहा लिटर लागतात. पट्टी मापायची, ४५ अंशात कापायची, लावून बघायची, यात मिनिटाला दहा खिळे होतात कुठे? मोटर साधारण पाचव्या हिश्शाएवढा वेळच चालते. अशा यंत्रांना सलग चालवायचं नसतं, निम्मा वेळ थंड होऊ द्यायचं असतं, तेही आपोआप पाळलं जातं. म्हणजे खरा आकडा कळल्यामुळेच मी छोटं यंत्र बिनधास्त घेऊ शकलो. आकडे फुगवून छापायचे, आणि मग त्यांचा भरवसा नाही म्हणून गिऱ्हाइकाला दुप्पट मोठं यंत्र सुचवायचं, हा कुठला न्याय?

अर्थात हवेवरचा ऑर्बिटल सँडर (लाकूड घासायचं यंत्र) यावर चालवायचा विचार असेल तर विसरा. तो सतत आठ-दहा सीएफएम ओढतो, हा दोन सीएफएमही धड देत नाही. सँडर सरळ विजेवरचा घ्या. स्प्रे गनचंही बहुतेक तसंच.

ऑइल-फ्री घेतला कारण तेलाचा कंप्रेसर आडवा-तिरपा ठेवून नेता येत नाही, आणि हवेबरोबर तेलाचा अंश येऊन पॉलिश करायच्या लाकडावर डाग पडायची धास्ती असते. तेलाचा जास्त टिकतो हे मान्य. पण ऑइल-फ्री कंप्रेसर म्हणजे गनलाही तेल नको, असं नाही. तिच्या मागच्या नोझलमध्ये काम सुरू करताना न्यूमॅटिक तेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे, तिच्या पुस्तिकेत ऑइल-फ्री लिहिलं असेल तरच नाही.

आवाजाचं राहिलंच. डेसिबलच्या आकड्यावर जाऊ नका, चालू करून ऐका. एक कंपनी एक मीटरवरून मोजते, दुसरी चार मीटरवरून, तिसरी सांगतच नाही. १० डेसिबलचा फरक कानाला जवळपास दुप्पट वाटतो. मोटरचे फेरे मिनिटाला १४००च्या आसपास असतील तर यंत्र बहुधा शांत, २८००वाला बोंबलतो. लोक राहत असलेल्या घरात काम करायचं तर यासाठी थोडी कमी हवा चालवून घ्यायला माझी हरकत नाही. बंद होताना ‘फुस्स’ होतं ते बिघाड नव्हे. मोटरला पुन्हा सहज सुरू होता यावं म्हणून अनलोडर व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावरचा दाब सोडून देतो. फुसफुस थांबलीच नाही, तर मात्र टाकीतली हवा मागे येऊ न देणारा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बघा.

लांब पोचायचं असेल तर हवेचा पाइप वाढवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. लांब, बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोटर सुरू होताना गुरगुरत बसते. पाइप पॉलियुरेथेनचा घ्या. साधा पीव्हीसी थंडीत ताठ होतो आणि पट्टी धरलेली असताना गनला मागे खेचतो.

पाइप आणि गन जोडणाऱ्या कपलरने थोडा वेळ खाल्ला. पाव इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि पाव इंची एनपीटी (अमेरिकन) हे आटे दिसायला सारखे, पण पहिल्याला इंचात १९ आणि दुसऱ्याला १८. एकमेकांत दोन-तीन फेरे जातात आणि मग गळत राहतात, कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा. गन घेतानाच आटा कुठला ते विचारा. याचं उत्तर त्या विक्रेत्याला लगेच देता आलं, हे नमूद करतो.

दाब ८० पीएसआयपासून सुरू करून कामाच्याच लाकडाच्या तुकड्यावर खिळा मारून बघायचा. डोकं वर राहिलं तर पाच-पाचने वाढवा, खोल रुतलं तर उतरवा. गनवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढे जायचं नाही. खिळा अडकला की आधी पाइप काढायचा, मगच गन उघडायची.

दिवसअखेर टाकीखालचा कॉक उघडून हवेतल्या ओलाव्याचं साचलेलं पाणी सोडा. पावसाळ्यात दुपारीही एकदा सोडा.