सोयरीक नसलेला जाणकार

दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, मंडळावर 3 अर्धवेळ सदस्य नेमायचे होते आणि निवड समितीत बाहेरचा एक माणूस हवा होता. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेलेली. स्पेक्ट्रमचं, म्हणजे मोबाइलसाठी लागणाऱ्या रेडिओलहरींचं, गणित विचारलं की घाम फुटतो. या क्षेत्रात कुणाशी घेणं ना देणं, म्हणून माझी वर्णी लागली. चार बैठका, थोड्या मुलाखती, महिन्याभरात मोकळे, असं वाटलं होतं. सात महिने गेले.

पहिला घोळ जाहिरातीच्या मसुद्यातच. ‘दूरसंचार क्षेत्रातला किमान 20 वर्षांचा अनुभव’ या ओळीखाली समितीच्या अध्यक्षबाईंनी पेन्सिलीने रेघ मारली. निवृत्त न्यायाधीश होत्या त्या. म्हणाल्या, "वीस वर्षं या धंद्यात काढली म्हणजे कुठल्या तरी कंपनीचं मीठ खाल्लेलंच असणार. मग आपण पंच शोधतोय की खेळाडू?" आणि ज्याने कुणाचंच मीठ खाल्लं नाही त्याला यातलं कळणार काय? या पेचाभोवतीच पुढचे सगळे महिने फिरलो.

इतरांचं पाहिलं. भारतातल्या ट्राय या दूरसंचार नियामकाच्या कायद्यात दूरसंचाराच्या जोडीला वित्त, लेखाशास्त्र, कायदा, ग्राहकहित असे अनुभवही चालतात. शिवाय अध्यक्ष आणि पूर्णवेळ सदस्यांना पद सोडल्यावर 2 वर्षं सरकारच्या पूर्वपरवानगीविना दूरसंचार कंपनीत जाता येत नाही. अमेरिकेच्या एफसीसी या नियामकात आयुक्तांची 5 पदं, त्यात एका पक्षाचे 3 पेक्षा जास्त चालत नाहीत. शेवटी आम्ही असलेल्या सदस्यांचा तक्ता मांडला. अभियंते भरपूर, वकील एक. ताळेबंद वाचणारं आणि ग्राहकांच्या तक्रारी कोळून प्यायलेलं मात्र कुणीच नाही. मग त्या रिकाम्या जागांसाठीच नवी जाहिरात काढली.

अर्ज ढिगाने आले. बहुतेक म्हणजे सत्कारांच्या याद्या. छाननीत एकच प्रश्न कामाला आला: बैठकीत तुम्ही एकटे विरोधात उभे राहिलात असा प्रसंग लिहा. निम्म्या लोकांनी लिहिलं, ‘मी नेहमी सर्वांना सोबत घेऊन चाललो.’ ते गठ्ठे बाजूला ठेवायला वेळ लागला नाही.

मुलाखतीत आम्ही कॉल जोडणी शुल्काचा प्रश्न ठेवला होता. ज्या जाळ्यातून कॉल निघतो ते, कॉल जिथे पोचतो त्या जाळ्याला पैसे देतं. भारतात हे शुल्क 2017 मध्ये मिनिटाला 14 पैशांवरून 6 पैशांवर आलं आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य झालं. अशा निर्णयाआधी तुम्ही काय विचाराल? एका गृहस्थांनी पंधरा मिनिटं तंत्रज्ञान समजावलं. ग्राहकांच्या तक्रारींत वर्षानुवर्षं काम केलेल्या एका बाईंनी कागद मागितला, दोन गोल काढले, एक मोठा, एक छोटा, आणि मध्ये बाण. "नव्या कंपनीचे ग्राहक थोडे, म्हणून तिचे बरेचसे कॉल बाहेरच जाणार. म्हणजे ती भरत राहणार. शुल्क काढलं तर मोठीचं उत्पन्न बुडणार. दोघीही तुमच्याकडे ग्राहकाचं नाव घेऊनच येतील. मी आधी दोघींच्या खर्चाची वही मागेन." तो कागद मी जपून ठेवलाय.

आणि मग हितसंबंधांचं घोषणापत्र. गोल काढणाऱ्या त्या बाईंनी स्वतःहून लिहिलं होतं: नवऱ्याच्या नावे मोबाइल मनोरे उभारणाऱ्या कंपनीचे वडिलोपार्जित शेअर. दुसऱ्या एका उत्तम उमेदवाराने कुटुंबाच्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं. चौकशीत कळलं की मुलगा एका मोबाइल कंपनीच्या दरपत्रक विभागात. समितीत वाद झाला. मुलाची नोकरी झाकण्यासारखी नव्हतीच; सांगितली असती तर त्या विषयापुरतं बाजूला बसवता आलं असतं. त्यांचं नाव आम्ही त्या ‘लागू नाही’मुळे गाळलं. बाईंना अट घातली: नेमणुकीआधी शेअर विका.

शिफारस गेली आणि फाइल वरच्या टेबलावर दहा आठवडे झोपली. तेवढ्यात एकाने कंटाळून सल्लागाराची नोकरी धरली. प्रतीक्षा यादी केली होती म्हणून निभावलं. बाईंनी मात्र पत्राची वाट न पाहता शेअर विकून पावती पाठवली. पुढच्याच महिन्यात भाव चढला. नवरा अजून ऐकवतो म्हणे.