तुम्ही विचारलंत म्हणून: तिकीट नेमकं देतं कोण?

सोलापूर महापालिकेची निवडणूक लागली की उमेदवारी अर्जांची कामं माझ्याकडे येतात. त्यामुळे ओळखीचे लोक, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा, हेच विचारतात: "वकीलसाहेब, तिकीट नेमकं देतं कोण? शहराध्यक्ष, आमदार, का मुंबईवाले?"

कागदापुरतं उत्तर सोपं आहे. 'ए' फॉर्मवर ज्याच्या सहीचा नमुना, तो. पक्षाचा वरिष्ठ पदाधिकारी या फॉर्मवर कळवतो की इथले उमेदवार अमुक व्यक्ती ठरवेल. ती व्यक्ती मग 'बी' फॉर्मवर उमेदवाराचं नाव घालून सही करते. सही शाईचीच लागते, झेरॉक्स चालत नाही. हे कागद शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पडले तर चिन्ह, नाहीतर अपक्ष. इच्छुकांच्या मुलाखती, सर्व्हे, शहर कमिटीची शिफारस, यातलं काहीच कायद्याला लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमात पक्षाच्या नोंदणीचे नियम आहेत. उमेदवार सभासदांच्या मतदानाने ठरवा असं त्यात कुठेही नाही. तरी मुलाखतीला हलगी लावून, पन्नास बायका रिक्षात घालून जायचं असतंच!

पण सहीइतकंच घड्याळाला महत्त्व आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एका प्रभागात एकाच पक्षाचे तिघं-चौघं अर्ज भरून बसतात. प्रत्येकाला फोन आलेला असतो, "तुम्ही फॉर्म भरून ठेवा, एबी पाठवतो." मंडळी थकबाकी नसल्याचा दाखला काढतात, १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल नाही याचं घोषणापत्र करतात, जातीचे कागद जुळवतात, आणि फाटकाकडे बघत बसतात. मी सही झालेला 'बी' फॉर्म पाहिलाय. खाली सही, आणि नावाची जागा कोरी. तो खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला दोन वाजेपर्यंत मालक म्हणायला हरकत नाही. तीन वाजून गेले की डावललेल्याला दुसऱ्या पक्षाचं दार बंद. माझ्या मते हा उशीर गलथानपणाचा नसतो, जाणूनबुजून केलेला असतो.

मग लोक म्हणतात, अपक्ष लढायचं की. सोलापुरात २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडून जातात. दोन सोडले तर सगळे प्रभाग चार सदस्यांचे. मतदाराला अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. साखर पेठेतला विणकर असो की विडी घरकुल वसाहतीतली बाई, चारही ठिकाणी एकच चिन्ह शोधणं त्यांना सोपं जातं. अपक्षाला एवढ्या मोठ्या प्रभागात एकट्याने हिंडावं लागतं, आणि हातात चिन्ह येतं तेव्हा प्रचाराला थोडेच दिवस उरलेले असतात. एक सदस्याचा छोटा वॉर्ड असता तर गल्लीतल्या माणसाला काही आशा होती. आता मात्र पॅनेलमध्ये जागा मिळणं हेच अर्धं निवडून येणं.

निवडून आल्यावर तरी सुटका? तीही नाही. १९८६च्या अनर्हता (म्हणजे अपात्रतेच्या) कायद्याने व्हिप, म्हणजे मत कुठे द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं.

यंदा हे सगळं जास्त टोचलं. मार्च २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६मध्ये. तोवर इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, प्रशासकाचा कारभार. एवढी वर्षं सतरंज्या उचललेल्यांना शेवटच्या दुपारी कळलं की आपल्या जागेवर आठवड्यापूर्वी पक्षात आलेला कुणीतरी आहे.

यावर उपाय विचाराल तर मला एक छोटासाच सुचतो. उमेदवारी अर्ज सुरू व्हायच्या आधी चार दिवस एबी फॉर्म जमा करा आणि यादी फलकावर लावा, असा नियम राज्य निवडणूक आयोगाने करावा. नाराजांना निदान विचार करायला वेळ मिळेल. तेवढ्यासाठीच एकही पक्ष याला राजी होणार नाही.