घरातली एअर पिस्तूल रेंज: आवाज कुठून येतो, कुठे अडवायचा

आजची नोंद फक्त आवाजाची. हॉल आणि पॅसेज मिळून ५ मीटरची रेंज, ४.५ मिमीचं पीसीपी पिस्तूल (सिलिंडरमध्ये आधीच दाबाने भरून ठेवलेल्या हवेवर चालणारं), सपाट डोक्याचे साधारण अर्ध्या ग्रॅमचे पेलेट, म्हणजे शिशाचे छर्रे, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. हा वेग ध्वनीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे सुपरसॉनिक कडाका इथे नाहीच. उरतात तीन आवाज: नळीतून सुटणाऱ्या हवेचा, कार्डाचा (नेम धरायचा कागद) आणि ट्रॅपचा (कार्डामागची पेलेट अडवणारी पेटी). शेजारी वैतागतात ते बहुतेक वेळा तिसऱ्याने.

सायलेन्सर लावावा का, असं नवे लोक हमखास विचारतात. लावू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीचा आवाज कमी करणारा जोडभागही अग्निशस्त्राच्याच व्याख्येत येतो. एअर पिस्तुलाच्या नळीला काही जोडून त्या भानगडीत पडायचं कारण नाही. आणि सायलेन्सर म्हणजे शांतता हा समजही चुकीचा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तो परवान्याने वापरतात, पण ९ मिमी पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलवरून साधारण १२५ ते १३० वर येतो, .२२ चा ११५ ते १२० च्या घरात. नेमबाजाच्या कानांना त्याचा मोठा फायदा आहे, पण शेजारच्या घरात तो आवाज ऐकू जातोच.

आता ट्रॅप. बाजारात मिळणारा पत्र्याचा ट्रॅप भिंतीला स्क्रूने ठोकला की प्रत्येक शॉटचा ठोका थेट भिंतीत उतरतो आणि वरच्या मजल्यावरही ऐकू येतो. आत्ताची मांडणी अशी: १२ मिमी प्लायची ३० बाय ३० सेंमी पेटी, खोली १५ सेंमी. मागे ३ मिमी लोखंडी प्लेट, तिच्यामागे जिमच्या मॅटचा तुकडा, आणि पुढे ४ सेंमी जाडीचा प्लास्टिसिनचा थर. याला साधारण ५ ते ६ किलो प्लास्टिसिन लागतं. पेटी भिंतीपासून हातभर पुढे, स्वतंत्र स्टँडवर. स्टँडच्या पायांखाली रबर. पेलेट मातीत शिरतो तेव्हा मऊ ‘थप्’ एवढाच आवाज होतो.

गणपतीची शाडू स्वस्त आणि घरात असतेच, म्हणून ती भरून पाहायचा मोह होतो. ओली असते तोवर काम उत्तम करते. वाळली की तडे जातात, ढलपे उडतात आणि पेलेट परत उसळतो. प्लास्टिसिन तेलातलं असल्याने वाळत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र ते मऊ होऊन खाली ओघळतं, म्हणून पेटीचा वरचा भाग थोडा मागे झुकवलेला हवा.

जुना ट्रॅप हळूहळू पुन्हा ‘टण्’ वाजायला लागला, तर प्लेटला दोष देऊ नका. मध्यभागी शिशाचा गोळा जमलेला असतो आणि पेलेट पेलेटवर आदळून फुटतात. यात आवाजापेक्षा उडणारे तुकडे जास्त वाईट, म्हणून शूटिंग ग्लासेस घरीही हवेतच. मधला भाग चमच्याने कोरून शिसं काढा आणि कडेची माती आत दाबा. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. जमिनीवरची धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. घरात लहान मूल असेल तर इथे हयगय अजिबात नको.

कार्ड चारही बाजूंनी ताणून बसवलं तर ढोलाच्या पानासारखं वाजतं. वरच्या कडेला दोन क्लिपा पुरतात. ५ मीटरसाठी कार्ड छापताना काळा भाग ३० मिमी ठेवा, पण १० गुणांचं वर्तुळ १० मीटरच्या कार्डावरच्या ११.५ मिमीचं निम्मं करू नका. पेलेटची जाडी तीच राहते, त्यामुळे ते ३.५ मिमी हवं.

हवेच्या आवाजासाठी नेमबाजाच्या बाजूच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली आहे. तिने खोलीतला घुमारा कमी होतो, भिंतीपलीकडे जाणारा आवाज फारसा नाही. फोम आणि अंड्यांचे ट्रेही तेवढंच करतात. आवाज बाहेर पडतो तो दारा-खिडक्यांच्या फटींतून, तेव्हा आधी रबरी पट्ट्या लावाव्यात.

मोबाइल अ‍ॅपवरचा डेसिबलचा आकडा शॉटसाठी खरा मानू नये. शॉटचं शिखर मिलिसेकंदाएवढंही टिकत नाही, फोनचा माइक ते पकडू शकत नाही. कोणाला तरी शॉट मारायला सांगून स्वतः शेजारच्या घरात उभं राहणं ही जास्त भरवशाची चाचणी. एक आवाज तिथे गेल्यावरच कळतो: हातपंपाचा. २०० बारपर्यंत सिलिंडर भरताना पंपाचा पाया फरशीवर दणके देतो आणि खालच्या घरात तो शॉटपेक्षा जास्त जाणवतो. पंपाखाली मॅट घाला, शक्यतो दिवसाच भरून ठेवा.

ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रीची, निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. त्या वेळात फक्त ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता, हवा न सोडता ट्रिगर दाबायचा सराव. मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलात त्याची सोय असते आणि ट्रिगरचं बरंचसं काम त्यातच होतं. शेजारच्या काका-काकूंना आधी एकदा बोलावून ट्रॅप आणि पिस्तूल दाखवावं, आवाज ऐकवावा. जिन्यातून नेताना पिस्तूल नेहमी केसमध्ये.

पुढचं काम: पॅसेजच्या दाराखालची फट, आणि शूटिंग चालू असताना ते दार आतून बंद राहील अशी कडी.