बाहेरच्या हवेचा सेन्सर पंखाखाली कसा गेला

विमानाच्या पोटाला, इंजिनाच्या अगदी मागे, बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर बसवला तर वायर जेमतेम दोन हात लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील शेडमध्ये माझ्या दोन आसनी विमानाला मी तो तसाच बसवला होता आणि इंजिन प्रथम चालवून पाहिले त्याच सकाळी काढलाही. काउलिंगमधून, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातून, बाहेर पडणारी तापलेली हवा आणि सायलेन्सरचा धूर पोटाला धरूनच मागे जातात. त्यामुळे भिंतीवरचा तापमापक २८ अंश दाखवत असताना पॅनेलवरचा आकडा चाळिशीकडे सरकत होता.

चार-पाच अंशांनी काय बिघडते, असे शेजारच्या लेथवाल्यांनी विचारले. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात आणि त्यापेक्षा दर अंशामागे घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, सुमारे १२० फुटांनी वाढते; म्हणजे एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या दुपारी तीच धावपट्टी विमानाला ५२०० फुटांवर असल्यासारखी जड जाते. सेन्सर पाच अंश चुकला, की हिशेब ६०० फुटांनी चुकला. पावसाळ्यातली काळजी वेगळी आहे : पेट्रोलची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, दाब उतरताना तिथली हवा इतकी गार होते, की बाहेर २२ अंश असतानाही दमट हवेत आत बर्फ धरू शकतो. कोल्हापूरचा जुलै नेमका असाच असतो, आणि तेव्हा जास्त तापमान दाखवणारा सेन्सर वैमानिकाला निर्धास्त करतो.

शेपटीच्या आडव्या पंखाखाली सावली मिळते, पण माझ्या विमानात धुराची वाट तिकडेच जाते. कॉकपिटला हवा देणारा बाजूचा झरोका काउलिंगला फारच जवळ आहे. अखेर डाव्या पंखाच्या खालची, प्रोपेलरच्या झोताबाहेरची तपासणी-झाकणाची जागा ठरवली. भोक झाकणाला पाडायचे, म्हणजे जागा चुकली तरी पंखाचा पत्रा शाबूत राहतो. पत्र्याची उष्णता सेन्सरमध्ये उतरू नये म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घातला, आणि बसवण्यापूर्वी सेन्सर बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून शून्यावर तपासून घेतला.

वेगामुळे येणारी चूक मात्र कोणत्याही जागेने टळत नाही. सेन्सरवर हवा अडते तेव्हा ती तापते : १०० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सुमारे १.३ अंश, १५० नॉटला सुमारे ३ अंश. तेवढे वजा करण्याचा तक्ता पॅनेलवर चिकटवणार आहे.

नव्या जागी इंजिन चालवून पाहिले तेव्हा दोन्ही तापमापकांत अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. विमान उन्हात उभे राहिले की पत्रा तापून आकडा वर चढतोच, म्हणून उड्डाणापूर्वीचा हिशेब सावलीतल्या तापमापकावरूनच करायचा आहे.