पानभर केप, पण माणूस कुठाय?

रविवार, रात्री उशिरा

भाच्याने जमवलेले ‘स्पॉन’ या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचे सुरुवातीचे अंक आज वाचून संपवले. लिहिणारा आणि चित्रं काढणारा एकच, टॉड मॅकफार्लेन. त्याचा चित्रातला हात अफाट आहे. ती लाल केप चौकटी ओलांडून पानभर पसरते, साखळ्या अंधारातून अंगावर येतात, गल्लीतल्या एकेका विटेवर बारीक रेघांचं काम. १९९२ साली पहिल्या अंकाच्या सुमारे १७ लाख प्रती खपल्या, त्यात या रेघांचा वाटा मोठा असणार.

आणि गोष्टीचं बीज तरी काय कमी आहे? नायक अल सिमन्स मरतो. बायकोला, वांडाला, पुन्हा भेटता यावं म्हणून सैतानाशी सौदा करतो. स्पॉन होऊन परत येतो तर मध्ये पाच वर्षं गेलेली. वांडाने त्याच्याच जिवलग मित्राशी लग्न केलंय, त्यांना मुलगी आहे, आणि याचा चेहरा पार जळालेला. एवढं हाताशी असताना वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं! इथे मात्र तो गल्लीत बसून स्वतःशीच बोलत राहतो. चित्रात संताप दिसत असतो, तरी वरच्या मजकुरात पुन्हा संतापच. मध्येच टीव्हीवरचे निवेदक येऊन मागचं-पुढचं सांगून जातात. वांडा कशावर हसायची, दोघं कशावरून भांडायची, काही कळत नाही. मग त्याने काय गमावलं ते माझ्या जिवाला लागणार कसं?

भाचा इथेच, बडोद्यात, फाइन आर्ट्‌सला आहे. जेवताना म्हणाला, “मावशी, चित्र बोलतं ना, मग पुरे की. रविवर्म्याच्या चित्राखाली तरी गोष्ट कुठे लिहिलेली असते?”

इथल्या फतेसिंग म्युझियममध्ये त्याच्या ‘सीता भूमिप्रवेश’समोर आम्ही दोघं अनेकदा उभे राहिलोय. धरणी सीतेला पोटात घेतेय, तेवढंच दिसतं. पण वनवास, अग्निपरीक्षा, लव-कुश हे सगळं बघणारा घरूनच घेऊन आलेला असतो. आमच्याकडे ते आजीकडून आलं. म्हणून रविवर्म्याला एक क्षण निवडला तरी पुरलं. नव्या नायकाजवळ ही शिदोरी नसते. त्याचं रामायण आधी सांगावं लागतं, तेव्हा कुठे त्याच्या पानभर चित्राला वजन येतं.

हे मी हवेत बोलत नाही. १९९३ मध्ये मॅकफार्लेनने लागोपाठ चार अंक बाहेरच्या लेखकांकडून लिहून घेतले. आठवा अॅलन मूरचा. लहान मुलांचे जीव घेणारा बिली किनकेड मेल्यावर नरकात पोचतो, आणि आपण त्याच्या मागोमाग तिथे उतरतो. चित्रं मॅकफार्लेनचीच, पण आता पान उलटताना धास्ती वाटते. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेतसुद्धा काहीतरी घडतंय असं वाटतं. नवव्यात नील गेमनने अँजेला आणली, स्पॉनची शिकार करणारी देवदूत. आली की लगेच ठसते, कारण तिला काय हवंय ते आपल्याला ठाऊक असतं.

भाचा स्वतःची कॉमिक काढतोय. नायकाचा पोशाख वहीभर रंगवून झालाय. “हा घरी कोणाशी बोलतो रे?” असं विचारलं तर म्हणाला, “ते नंतर बघू.” त्याचा हात खरोखर चांगला आहे, म्हणूनच जीव तुटतो. उद्या त्याला पहिला आणि आठवा अंक शेजारी ठेवून, सगळा मजकूर कागदाने झाकून बघायला सांगणार आहे. नुसत्या चित्रांवरून कुठली गोष्ट किती हाती लागते, ते त्याचं त्यानेच मला सांगावं.